विश्लेषण : गाडीच्या रंगावर ओरखडे धुळीमुळे पडतात की पुसण्यामुळे? घरच्या घरी गाडी कशी धुवावी?

पेट्रोल पंपावरच्या पांढऱ्या दिव्याखाली काळी किंवा गडद निळी गाडी उभी असेल, तर तिच्या बॉनेटवर एकदा नीट नजर टाका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा दिसतील. वर्षभरापूर्वी शोरूममधून बाहेर पडलेली गाडीही याला अपवाद नसते. या रेघा कुणी खोडसाळपणे मारलेल्या नसतात आणि त्या धडकेतूनही आलेल्या नसतात. बहुतेक वेळा गाडी स्वच्छ करतानाच त्या पडलेल्या असतात. रोज सकाळी कोरडे फडके मारणे, एकाच बादलीत संपूर्ण गाडी धुणे, कपड्यांचा साबण वापरणे या सवयींचा गाडीच्या रंगावर काय परिणाम होतो आणि कमी पाण्यात रंग शाबूत ठेवून गाडी कशी धुता येते, याचा हा आढावा.

रंगाचा थर किती जाड असतो?

गाडीचा रंग म्हणून जो दिसतो तो एक थर नसतो, ते चार थर असतात. पत्र्यावर सर्वांत आधी गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निशसारखा थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी.

चकाकी असते ती या क्लिअर कोटची. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा हे सगळे हाच थर अंगावर घेतो. त्याच्या खालचा खरा रंग तर त्याहूनही पातळ असतो. त्यामुळे क्लिअर कोट गेला की गाडी पांढुरकी पडते आणि तिथे पुन्हा रंगकामाशिवाय इलाज उरत नाही.

गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश केल्यावर ओरखडे ‘जातात’, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या खोलीपर्यंत घासून सपाट केला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये काही मायक्रॉन कायमचे खर्ची पडतात. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवायला हवा.

ओरखडा पडतो कसा?

धूळ गाडीवर बसून राहिली तर फारसे काही बिघडत नाही. बिघडते ती धूळ दाबून ओढली की. रस्त्यावरच्या धुळीत मातीबरोबर वाळूचे कण असतात आणि वाळूत क्वार्ट्झ असते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स पट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. पोलादी चाकूचे पाते त्याच पट्टीवर साडेपाचच्या आसपास येते. क्लिअर कोट तर शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचा. त्यावर क्वार्ट्झचा कण दाबून फिरवला तर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

पुणे, मुंबई, नाशिक अशा बांधकामे चालू असलेल्या शहरांत यात आणखी एक भर पडते. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून बांधकामावर दगड फोडून केलेली क्रश सँड वापरली जाते. नदीतली वाळू वाहून वाहून गोलसर झालेली असते. यंत्रात फोडलेल्या काळ्या दगडाच्या कणांच्या कडा मात्र धारदार राहतात. शेजारच्या प्लॉटवर काम सुरू असेल तर गाडीवर सकाळी जो करडा थर दिसतो, त्यात हे कणही असतात. त्यावर कोरडे फडके मारणे म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे.

अनेकांच्या डिकीत असलेले ते पिवळे फडके आणि लांब दांड्याची झटकणी या दोन्हींबाबत हीच तक्रार आहे. फडके स्वतः मऊ असते, पण पहिल्या हातातच त्यात कण अडकतात आणि उरलेल्या गाडीवर तेच फिरत राहतात. ‘हलक्या हाताने पुसतो’ हा बचावही अर्धवटच. हलक्या हाताने ओरखडे उथळ पडतात, इतकेच. ते रोज पडतात.

जाता जाता एक गैरसमज. ओरखडे गोल दिसतात म्हणून ‘गोल गोल पुसल्याने पडले’ असे सर्रास सांगितले जाते. खरे तर ते सर्व दिशांनी पडलेले असतात. त्यातले जे दिव्याच्या प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसते. दिवा हलवा, वर्तुळही हलेल. तरीही सरळ रेषेत पुसणेच बरे, कारण मग जो काही ओरखडा पडेल तो फक्त एका बाजूने दिसतो.

गाडी धुण्याचा योग्य क्रम कोणता?

सगळ्या पद्धतीचे मर्म एकच आहे. हात लावण्याआधी जेवढी धूळ पाण्याने निघून जाईल तेवढी काढायची आणि हात लावल्यावर निघालेली धूळ पुन्हा गाडीवर येऊ द्यायची नाही.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा थंड हवा. बॉनेटवर तळहात सहज ठेवता आला पाहिजे. प्रवासाहून आल्या आल्या किंवा उन्हात तापलेल्या गाडीवर पाणी मारले तर साबण जागीच वाळतो आणि डाग धरतात. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर धुणे सोयीचे.

सुरुवात चाकांपासून करावी. तिथे ब्रेकमधून झडलेला लोखंडी भुगा आणि डांबर असते, त्यामुळे चाकांचा ब्रश आणि कापड वेगळेच ठेवायचे. ते चुकूनही वर येता कामा नये. नंतर टपापासून खालपर्यंत नुसते पाणी सोडायचे. चिखल वाळलेला असेल तर तो पाच मिनिटे भिजू द्यावा. नखाने किंवा कापडाने खरवडू नये. पावसाळ्यात घाट उतरून आलेल्या गाडीच्या दारांखाली आणि मडगार्डच्या आत जो लाल चिखल बसतो, तो दोनदा भिजवावा लागतो.

यानंतर दोन बादल्या लागतात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालायचा. एकच बादली असेल तर गाडीवरून निघालेली वाळू प्रत्येक वेळी कापडावर परत येते. दोन बादल्यांची ही रीत वेळखाऊ वाटते, पण एवढा एकच बदल करायचा ठरवला तर तो हाच करावा. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी शेवटी जी काळी रेती जमते, ती पाहिल्यावर पटवून देण्याची गरज राहत नाही.

धुताना आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. खालचा तिसरा हिस्सा सर्वांत मळका असतो. तिथे लावलेला हातमोजा पुन्हा वर न्यायचा नाही. हातमोजा जमिनीवर पडला तर तो सरळ बाजूला ठेवायचा. झटकून किंवा एकदा धुऊन त्यातली वाळू पूर्ण जात नाही.

प्रेशर वॉशर असेल तर पहिली धूळ काढण्याचे काम चांगले होते. मात्र नोझल पत्र्यापासून किमान फूटभर लांब असावे आणि फवारा पसरट असावा. बारीक सरळ धार दगड लागून उडालेल्या रंगाच्या कडेला लावली तर पापुद्रा उठू शकतो. दारांचे रबर, पार्किंग सेन्सर यांवरही धार रोखू नये. इलेक्ट्रिक गाडी धुवायला हरकत नाही. फक्त चार्जिंग चालू असताना धुऊ नये आणि चार्जिंगचे झाकण घट्ट लावलेले असावे.

पाणी किती लागते?

नळाला लावलेल्या पाइपमधून मिनिटाला साधारण १० ते २० लिटर पाणी येते. पाइप चालू ठेवून दहा मिनिटे गाडी धुतली तर सरासरी दीडशे लिटर गेले. शहरांतल्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा देशातला सर्वसाधारण निकष आहे. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी एका गाडीवर जाते. मार्च २०२४ मध्ये बेंगळूरुत पाणीटंचाई झाली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड लावला होता. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या आपल्याकडच्या सोसायट्यांनाही हा प्रश्न परका नाही.

दोन बादल्यांच्या पद्धतीत झारी किंवा मगने पाणी वापरले तर ४० ते ५० लिटरमध्ये काम होते. त्याहून कमी पाण्यात करायचे तर ‘रिन्सलेस वॉश’ नावाचे द्रावण मिळते. बादलीभर पाण्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते मिसळायचे. बहुतेक द्रावणे २५-३० मिली पुरतात. यात साबणासारखा फेस नसतो. द्रावणातले घटक धुळीच्या कणांभोवती निसरडा थर करतात. कापड ओलेचिंब ठेवून हलकेच एका दिशेने फिरवायचे, घडीची प्रत्येक बाजू एकदाच वापरायची आणि लगेच दुसऱ्या कापडाने टिपायचे. वरून पाणी ओतावे लागत नाही. सात-आठ लिटरमध्ये मध्यम आकाराची गाडी होते. इमारतीच्या पार्किंगमध्ये जिथे नळच नाही, तिथे ही पद्धत फार उपयोगी आहे. मात्र वाळलेला चिखल असलेल्या गाडीवर ती वापरू नये. आधी चिखल पाण्यानेच काढावा लागतो.

कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण चालतो का?

कपड्यांची पावडर नको. ती बरीच अल्कधर्मी असते. वॅक्सचा थर ती उतरवतेच, पण रबर आणि काळे प्लॅस्टिकही तिने पांढरट पडते. साबणाच्या वडीत भर म्हणून खनिजांची भुकटी घातलेली असते, तेव्हा ती तर अजिबात नको. भांड्यांचे लिक्विड इतके कडक नसते आणि एखाद्या वेळी वापरले म्हणून रंग जाणार नाही. पण तेलकटपणा काढणे हेच त्याचे काम असल्याने संरक्षक वॅक्स ते काढून टाकते. गाडीच्या शाम्पूचा सामू उदासीन, म्हणजे ७ च्या आसपास असतो आणि तो पृष्ठभाग निसरडा ठेवतो. कण घासले न जाता घसरून जावेत, हा त्यामागचा उद्देश.

चकाकीसाठी रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती चकाकी म्हणजे तेलाचा पातळ थर असतो. त्याला तासाभरात नवी धूळ चिकटते आणि काचांचे रबर फुगते ते वेगळेच.

बोअरवेलच्या पाण्याने पांढरे डाग का पडतात?

या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दगडी खडकातून आलेल्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. भारतीय मानक संस्थेच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावी. त्या वरच्या टोकाजवळचे पाणी गाडीवर थेंबाथेंबाने वाळले की पाणी उडून जाते आणि क्षाराचे पांढरे कडे मागे राहते. बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर चढतो, तोच हा. उन्हात तो वारंवार भाजला गेला तर क्लिअर कोटमध्ये रुततो आणि मग साध्या धुण्याने निघत नाही.

ताजे डाग असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, थंड पत्र्यावर, ओल्या कापडाने मिनिटभर लावावे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. लावून ठेवून विसरू नये. जुने, खड्डा पडलेले डाग मात्र पॉलिशनेच कमी होतात.

पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक घरांत आरओ फिल्टरचे वाया जाणारे पाणी गाडीसाठी साठवतात. त्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, कारण फिल्टरने ते वेगळे करून बाहेर टाकलेले असतात. चाके, पायपुसण्या, चिखलाचा पहिला हात यासाठी ते ठीक. शेवटचे पाणी म्हणून नको. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात एका रात्रीत काही लिटर सहज जमते. ते फडक्यातून गाळून शेवटच्या हातासाठी वापरले तर डागांचा प्रश्न बराच सुटतो. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातले प्रक्रिया केलेले पाणी असेल तर त्यालाही हाच न्याय, पहिल्या हाताला ते आणि शेवटी स्वच्छ पाणी.

पाणी कुठलेही असो, गाडी आपोआप वाळू देऊ नये. जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यावे, घासू नये. दारे व डिकी उघडून आतल्या कडाही कोरड्या कराव्यात. धुतल्यावर ब्रेकच्या चकतीवर तासाभरात तांबूस गंज दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. दोन-चार वेळा ब्रेक लावल्यावर तो जातो. गाडी बंद करून ठेवण्यापूर्वी सोसायटीतच एक चक्कर मारली की ब्रेक कोरडे होतात.

पक्ष्यांची विष्ठा, आंब्याखालचे चिकट थेंब कसे काढावेत?

पक्ष्यांच्या विष्ठेच्या बाबतीत आठवड्याच्या धुण्याची वाट पाहू नये. उन्हात क्लिअर कोट तापून किंचित मऊ होतो, संध्याकाळी थंड होऊन आकसतो आणि वर कडक झालेल्या विष्ठेचा ठसा त्यात उमटतो. एप्रिल-मेच्या उन्हात हे एका दिवसात होऊ शकते. त्यावर ओला टिश्यू पेपर पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि मऊ झाल्यावर उचलून घ्यावा. पक्ष्यांच्या पोटात दाणे दळण्यासाठी बारीक खडे असतात. तेही विष्ठेतून आलेले असू शकतात, म्हणून कोरडे पुसायचे नाही.

मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवर जो चिकट थर येतो तो झाडाचा चीक नसतो. तुडतुड्यांनी सोडलेला तो गोड द्राव असतो. कोमट पाणी आणि शाम्पूने तो निघतो, मात्र आठवडाभर राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते. रंगपंचमी आणि विसर्जनानंतरच्या गुलालाचाही नियम सोपा आहे. आधी पाणी सोडायचे, हात नंतर. ओल्या फडक्याने गुलाल पुसला की रंग पसरतो आणि फटींत जाऊन बसतो.

सिरॅमिक कोटिंग केले की काळजी मिटते का?

नाही. हा थर एखाद-दोन मायक्रॉनच्या आसपास असतो. त्यावर पाणी ठरत नाही, घाण लवकर सुटते, धुणे सोपे होते. पण वाळूचा कण दाबून ओढला तर ओरखडा पडतोच. दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म खरोखर आघात झेलते. तिचा खर्च मात्र फार मोठा आहे. ज्यांना दोन्ही परवडत नाही त्यांनी तीन-चार महिन्यांनी एकदा साधे वॅक्स हाताने लावले तरी पुरे.

रोज गाडी पुसणाऱ्या माणसाला काय सांगावे?

शहरी सोसायट्यांमध्ये बहुतेक मालक स्वतः गाडी धूत नाहीत. पहाटे एक माणूस बादली आणि फडके घेऊन येतो आणि ऑफिसची वेळ होण्याआधी वीस-पंचवीस गाड्या उरकतो. एका गाडीला मिळतात जेमतेम चार-पाच मिनिटे. त्याच बादलीत, त्याच फडक्याने आधीच्या दहा गाड्यांची वाळू आलेली असते. यात त्याचा निष्काळजीपणा कमी आणि कामाची रचनाच जास्त जबाबदार आहे. ‘रोज पुसलीच पाहिजे’ ही अट मालकांनीच घातलेली असते आणि एखाद्या दिवशी गाडी धुळकट दिसली तर तक्रारही तेच करतात.

यावर साधा तोडगा म्हणजे अट बदलणे. रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, पण भिजवून आणि दोन बादल्यांनी धुवायला सांगावे, उरलेले दिवस फक्त काचा आणि आरसे. महिन्याचे पैसे मात्र तेवढेच ठेवावेत. काम कमी झाले म्हणून पैसे कापले, तर तो पुन्हा फडकेच मारू लागेल. आपल्या गाडीचे तीन टॉवेल त्याला द्यावेत, चाकांचा, खालच्या भागाचा आणि वरचा, आणि त्यांचे रंग वेगवेगळे असावेत, म्हणजे घाईतही अदलाबदल होत नाही. टॉवेलला शिवलेले कंपनीचे लेबल आधी कापून टाकावे, कारण त्याची कडक कडही रेघ ओढते. हे टॉवेल आठवड्याने घरी आणून वेगळे धुवावेत, सुती कपड्यांबरोबर नकोत, त्यांचे धागे मायक्रोफायबरमध्ये अडकतात. फॅब्रिक कंडिशनरही नको, त्याने टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद जाते. आणि वाळत घालताना धुळीच्या गॅलरीत नको, घरात पंख्याखाली टाकले तरी दोन-तीन तासांत वाळतात.